ग्लासगो ते मॅलेग: आधी साधी गाडी, मग वाफेची

स्कॉटलंडच्या सहलीचा विषय निघाला की 'ती वाफेची गाडी' पहिल्या पाच मिनिटांत येतेच. जादूच्या शाळेच्या हॅरी पॉटर चित्रपटांनी ग्लेनफिननचा पूल जगभर पोचवला आणि त्यावरून धावणाऱ्या 'द जॅकोबाइट' या गाडीची तिकिटं कितीतरी आधी संपायला लागली. गाडी चांगलीच आहे. पण ती धावते फक्त फोर्ट विल्यम ते मॅलेग या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरापर्यंत, म्हणजे 66 किलोमीटर. ग्लासगोहून निघणारी स्कॉटरेलची साधी डिझेल गाडी त्याच रुळांवरून, त्याच पुलावरून जाते. शिवाय त्याआधीचा जवळपास 200 किलोमीटरचा मुलूख दाखवते, आणि तो वाफेच्या गाडीतल्या प्रवाशाच्या वाट्याला येतच नाही. म्हणून आमचं मत आधीच सांगून टाकतो: एकच गाडी परवडणार असेल किंवा एकच दिवस हातात असेल, तर साधी गाडी घ्या.

हा वेस्ट हायलंड मार्ग; हायलंड म्हणजे स्कॉटलंडचा उत्तर-पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख. ग्लासगो ते फोर्ट विल्यम 1894 साली सुरू झाला, पुढचा मॅलेगपर्यंतचा तुकडा 1901 साली. एकूण 264 किलोमीटर. वेळ लागतो सव्वापाच तासांच्या आसपास. अंतराच्या मानाने हा वेळ फार वाटतो, पण मार्ग जवळजवळ सगळा एकेरी आहे, वळणं तीव्र आहेत आणि समोरून येणाऱ्या गाडीसाठी ठरावीक स्थानकांवर थांबावं लागतं. घाई असलेल्याने या गाडीत बसूच नये.

गाडी सुटते ग्लासगो क्वीन स्ट्रीट स्थानकाच्या वरच्या फलाटांवरून. याच नावाचं खालच्या पातळीवरचं स्थानकही आहे आणि तिथून उपनगरी गाड्या सुटतात; तिथे उतरून वाट बघत बसू नका. दिवसाला मॅलेगकडे मोजक्याच गाड्या जातात, रविवारी आणखी कमी. पर्यटकाला सगळ्यात सोयीची सकाळी सव्वाआठच्या सुमाराची. ती दुपारी दीडच्या आसपास मॅलेगला पोचवते आणि तिथून संध्याकाळी चारच्या सुमाराला परतीची गाडी मिळते. एका दिवसात जाऊन येता येतं, पण दहा-अकरा तास गाडीतच जातात. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील तर हा बेत करू नका. फोर्ट विल्यमला किंवा मॅलेगला एक मुक्काम धरा.

पहिला घोळ होतो तो डब्यांचा. ग्लासगोहून निघालेली गाडी बऱ्याचदा दोन भागांची असते. क्रीअनलारिख स्थानकावर ते सुटे होतात. एक भाग ओबानला जातो, दुसरा फोर्ट विल्यम आणि मॅलेगला. पुढचा भाग कुठला आणि मागचा कुठला हे गृहीत धरू नका. फलाटावरचा फलक बघा, डब्यावरचं नाव बघा, आणि तरी शंका असेल तर गार्डला विचारा. डब्यांतून फिरताना, स्वच्छतागृहाकडे जाताना माणूस नकळत दुसऱ्या भागात जाऊन बसतो आणि क्रीअनलारिखनंतर त्याचं सामान एका दिशेला, तो दुसऱ्या दिशेला. ओबानही सुंदर गाव आहे, पण हॉटेलचे पैसे फोर्ट विल्यमला भरलेले असतात.

दुसरा घोळ खिडकीच्या बाजूचा, आणि याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. ग्लासगो ते फोर्ट विल्यम या टप्प्यात डावी बाजू सरस आहे. (नावांतलं 'लोख' म्हणजे सरोवर किंवा समुद्राची खाडी.) आधी क्लाइड नदीचं रुंद पात्र, मग गेर लोख आणि लोख लाँग या समुद्राच्या आत शिरलेल्या लांबट खाड्या, पुढे टाइनड्रमनंतरचं घोड्याच्या नालेच्या आकाराचं प्रचंड वळण, रॅनख मूर हा माळ ओलांडल्यावर खोल दरीतलं लोख ट्रेग आणि शेवटी बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर, हे सगळं डावीकडे. उजव्या बाजूला एकच मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे लोख लोमंड. आरोखर-टार्बेट स्थानकानंतर रूळ त्याच्या पश्चिम काठाने वर चढत जातात. तेवढा वेळ डावीकडच्यांनी मान वळवून किंवा दाराशी उभं राहून बघावं.

आता मेख अशी, की फोर्ट विल्यमला रूळ संपतात. मॅलेगला जाणारी गाडी तिथून उलट्या दिशेने बाहेर पडते. त्यामुळे ग्लासगोहून डावीकडे बसलेला माणूस आता आपोआप उजवीकडे आलेला असतो, आणि मॅलेगकडे जातानाही बघण्यासारखं बहुतेक सगळं डावीकडेच आहे: लोख आयल, ग्लेनफिननच्या पुलाची कमान, खाली पसरलेलं लोख शील, पुढे समुद्र. म्हणून फोर्ट विल्यमला गाडी थांबली की उठून समोरच्या बाजूला जा. निम्मी गाडी तिथे रिकामी होते, जागा मिळते. मात्र नवे प्रवासी चढायच्या आत हलायला हवं. आरक्षण मोफत आहे आणि उन्हाळ्यात ते कराच, पण हवी ती बाजू मिळेलच असं नाही. सुटायच्या वीस मिनिटं आधी फलाटावर असावं ते यासाठीच.

मधल्या टप्प्याची गोष्ट पुस्तिकांमध्ये दोन ओळींत संपवतात, पण या मार्गाचा जीव तिथेच आहे. टाइनड्रमनंतर गाडी एका दरीच्या तोंडाशी येते. सरळ पलीकडे जायचं तर मोठा पूल बांधावा लागला असता आणि बांधणाऱ्या कंपनीकडे तेवढे पैसे नव्हते. म्हणून रूळ दरीच्या एका अंगाने आत नेले, दोन छोट्या पुलांवरून वळवले आणि दुसऱ्या अंगाने बाहेर आणले. डावीकडे बसलात तर काही मिनिटांनी आपण जिथून जाणार तो रस्ता दरीपलीकडे दिसतो, आणि वळून बाहेर पडताना मागे टाकलेला रस्ता दिसतो. वर बाइन डोरनचा सुळका.

ब्रिज ऑफ ऑर्खीनंतर रॅनख मूर सुरू होतं. हा पाणथळ, काळ्या मातीचा, झाडं नसलेला अफाट माळ. दलदलीला तळ लागेना, तेव्हा इंजिनिअरांनी झाडांची मुळं, झुडपांचे भारे, वर हजारो टन माती आणि राख असा तरंगता बिछाना घातला आणि रूळ त्यावर टाकले. गाडी अजूनही त्याच बिछान्यावरून जाते. मोटारीचा रस्ता इथे नाही. मोठा हमरस्ता माळाच्या पश्चिम कडेने ग्लेन को या दरीकडे वळतो. म्हणजे भाड्याची मोटार घेऊन फिरणाऱ्यांना हा माळ आतून दिसत नाही. हरणांचे कळप इथे हमखास दिसतात, हिवाळ्यात तर रुळांच्या अगदी जवळ येतात.

रॅनख स्थानकावर गाडी थांबली की फलाटाच्या उत्तर टोकाकडे बघा. तिथे एका मोठ्या धोंड्यात माणसाचा चेहरा कोरलेला आहे. कंपनीचे पैसे संपून काम बंद पडायची वेळ आली, तेव्हा रेंटन नावाच्या संचालकाने स्वतःच्या संपत्तीतला वाटा घातला आणि काम पुरं झालं. रूळ टाकणाऱ्या मजुरांनी हा चेहरा कोरला. छिन्नीचे घाव ओबडधोबड आहेत, नाक-डोळे एखाद्या ग्रामदैवतासारखे ठसठशीत. डब्यातले बहुतेक लोक तेव्हा मोबाइलमध्ये बघत असतात.

पुढचं कोरुअर स्थानक समुद्रसपाटीपासून 408 मीटर उंचीवर आहे. ब्रिटनच्या मुख्य रेल्वे जाळ्यावरचं हे सगळ्यात उंच स्थानक, आणि तिथे सार्वजनिक रस्ता पोचतच नाही. चालायची आवड असणाऱ्यांनी सकाळच्या गाडीने इथे उतरावं, दीडेक किलोमीटरवरच्या लोख ऑसियनच्या काठाने फिरावं आणि नंतरच्या गाडीने पुढे जावं. मात्र नंतरची गाडी कित्येक तासांनी असते. परतीची वेळ कागदावर लिहून घ्या, पावसाचं जॅकेट आणि खाणं बरोबर ठेवा. स्थानकाजवळचं उपाहारगृह वर्षभर उघडं नसतं, त्याच्या भरवशावर उतरू नका.

फोर्ट विल्यमनंतर बॅनव्हीला कॅलेडोनियन कालव्याचे, बोटी वर-खाली नेणारे आठ पाणकप्पे (लॉक) एकापुढे एक पायऱ्यांसारखे चढत गेलेले दिसतात. मग ग्लेनफिनन. 21 कमानींचा, 380 मीटर लांबीचा, सुमारे 30 मीटर उंचीचा हा पूल साध्या काँक्रीटचा आहे, आत लोखंडी सळ्या नाहीत. रॉबर्ट मॅकआल्पाइन या कंत्राटदाराने काँक्रीट वापरायचं ठरवलं, कारण इथला दगड घडवायला फार कठीण होता. साध्या गाडीतूनही पुलाची वक्र रेषा दिसते, पण त्यासाठी मागच्या भागात बसायला हवं. पुढे बसलात तर नुसती दरी दिसते.

इथे थोडा इतिहास माहीत असला तर खिडकीबाहेरच्या गोष्टींना अर्थ येतो. लोख शीलच्या टोकाला जो उंच स्तंभ दिसतो, तो 1815 साली उभारलेला. 19 ऑगस्ट 1745 रोजी राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्टने इथे निशाण उभारून ब्रिटनच्या गादीसाठी उठाव सुरू केला. पुढच्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर तो चिरडला गेला आणि त्याच वर्षी हायलंडच्या पुरुषांना त्यांचा पारंपरिक पोशाख घालायला कायद्याने बंदी झाली. ती 1782 पर्यंत टिकली. आज एडिंबराच्या दुकानांत रांगेने टांगलेले किल्ट बघताना हे आठवावं. आणखी थोडं पुढे लोख नान उआव्ह लागतं. सप्टेंबर 1746 मध्ये राजपुत्र इथूनच जहाजात बसून कायमचा निघून गेला. तिथल्याच रेल्वे पुलाच्या मधल्या खांबात बांधकामाच्या वेळी एक घोडा गाडीसकट पडला होता. ही गोष्ट दंतकथेसारखी शंभर वर्षं सांगितली जायची, तीही ग्लेनफिननच्या पुलाबद्दल. 2001 साली तपासणी झाली आणि घोडा लोख नान उआव्हच्या खांबात सापडला.

स्थानकांच्या पाट्या दोन भाषांत आहेत, इंग्रजी आणि गेलिक ही हायलंडची जुनी भाषा. डब्यात स्थानिक माणसं भेटतात ती बोलकी असतात. वाफेच्या गाडीत सगळे आपल्यासारखेच पर्यटक. साध्या गाडीत शाळेची मुलं, मासेमारी बंदराकडे निघालेले कामगार, पाठीवर पोती घेतलेले गिर्यारोहक. संस्कृती बघायची म्हणून येणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. ग्लेनफिननचे हायलंड खेळ 19 ऑगस्टच्या जवळच्या शनिवारी भरतात. बॅगपाइप, लाकडी ओंडका फेकणं, नाच हे सगळं गावच्या जत्रेच्या मापात बघायला मिळतं. त्या दिवशी गाडीला गर्दी असते, आरक्षण आधीच करा.

आता वाफेची गाडी. 'द जॅकोबाइट' वेस्ट कोस्ट रेल्वेज ही खासगी कंपनी चालवते, वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत. तिकीट मुख्यतः जाऊन-येऊनचं असतं. भाडं साध्या गाडीच्या कितीतरी पट. फोर्ट विल्यम ते मॅलेगला ती दोन तासांच्या वर घेते, साधी गाडी तेच अंतर सव्वा-दीड तासात कापते. ग्लेनफिनन स्थानकावर ती थोडा वेळ थांबते, पुलावर नाही, हे नीट समजून घ्या. मॅलेगला दीड-पावणेदोन तास मोकळे मिळतात. इंजिनं खरोखर जुनी आणि देखणी आहेत. त्यातलं 62005 क्रमांकाचं इंजिन 1949 साली ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधलं. याच कंपनीने भारतीय रेल्वेलाही पुष्कळ इंजिनं पुरवली. आपल्याकडची जुनी वाफेची इंजिनं ज्यांनी संग्रहालयात पाहिली आहेत, त्यांना इथे तशाच एका इंजिनाचा घामटलेला, तेलकट, जिवंत अवतार बघायला मिळतो.

इंजिनाचा फोटो काढायचा तर जाताना मागच्या डब्यांत बसा, पुलाच्या वळणावर डावीकडे पुढचं इंजिन आणि धूर दिसतो. मॅलेगला इंजिन फिरवायची सोय नाही, त्यामुळे परतताना ते उलटं, कोळशाची टाकी पुढे करून ओढतं. परतीचे फोटो तितके चांगले येत नाहीत. साध्या वर्गात बहुतेक चार जणांची टेबलं असतात, दोघंच असाल तर समोर अनोळखी माणसं येणार. जॅकोबाइट कोणासाठी? इंजिनांचं वेड असणाऱ्यांसाठी, आणि त्या चित्रपटांवर वाढलेल्या मुलांसाठी. मुलांचा चेहरा बघून पैसे वसूल होतात, यात शंका नाही. पण आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ग्लासगोचा टप्पा साध्या गाडीने दिवसाउजेडी करा, नाहीतर हायलंडचा निम्मा भाग हुकला म्हणून समजा. 2024 च्या हंगामाच्या सुरुवातीला दारांच्या सुरक्षेच्या नियमांवरून ही गाडी काही आठवडे बंद होती. तेव्हा सगळी सहल या एका तिकिटाभोवती बांधू नका.

गाडीत न बसता पुलावरून जाणारी वाफेची गाडी बघायची, तर ग्लेनफिनन स्थानकात उतरून पायवाटेने टेकडीवरच्या जागेपर्यंत जा. अर्ध्या तासाच्या आत पोचता. सकाळची गाडी फोर्ट विल्यमहून सव्वादहाच्या सुमाराला निघते, म्हणजे पुलावर पावणेअकरानंतर. अर्धा तास आधी उभं राहिलं तरच कठड्याची जागा मिळते. मोटारीने येणाऱ्यांना वाहनतळ सकाळीच भरलेला सापडतो, आणि हमरस्त्याच्या कडेला गाडी लावणं धोक्याचं आहे. रुळांवर उतरून फोटो काढणं गुन्हा तर आहेच, जिवावरही बेतू शकतं.

खाण्याचं. साध्या गाडीत खाद्यपदार्थांची ढकलगाडी असते, नसतेही. ग्लासगोहून सँडविच, फळं, पाणी घेऊन चढा. भारतातून नेलेला चिवडा, चकली, धपाटे कामाला येतात. पण ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या बॅगेत टाकू नका. मॅलेगला ताजी मासळी आणि धुरावलेली हेरिंग हे खास; शाकाहारी माणसाला पर्याय थोडे आहेत, पण हॅगिस या मेंढीच्या काळीज-फुफ्फुसांच्या स्कॉटिश पदार्थाचा शाकाहारी प्रकार आता हायलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी मिळतो. ओट, डाळी, भाज्या आणि मिरपूड यांचं ते तिखटसर मिश्रण मराठी जिभेला चटकन आवडतं.

फोर्ट विल्यमजवळ बेन नेव्हिस डिस्टिलरी आहे, 1825 पासूनची. रेल्वेने आलेल्यांचा इथे फायदाच. स्कॉटलंडमध्ये वाहनचालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, इंग्लंडमध्ये 80. व्हिस्कीची चव घेतल्यावर मोटार चालवायचा विचारही नको.

पैसे वाचवायचे दोन मार्ग. 5 ते 15 वर्षांचं एक तरी मूल बरोबर असेल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्या. मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश आणि मुलांच्या भाड्यात 60 टक्के सूट मिळते. चौघांच्या कुटुंबाचा कार्डाचा खर्च एका फेरीतच निघावा. ते मोबाइलवर घेता येतं आणि परदेशी पर्यटकालाही मिळतं. जास्त फिरायचं असेल तर ठरावीक दिवसांत चार दिवस अमर्याद प्रवासाचे हायलंडचे पास बघा. लंडनहून येणाऱ्यांसाठी कॅलेडोनियन स्लीपर ही रात्रीची गाडी आहे. शनिवारी रात्री सुटत नाही. ती सकाळी रॅनख मूरवरून येते, म्हणजे झोपून उठलं की थेट हरणं. पण फोर्ट विल्यमला ती दहाच्या सुमाराला पोचते, त्यामुळे त्याच दिवशीच्या सव्वादहाच्या जॅकोबाइटचं तिकीट काढू नका. थोडा उशीर झाला तरी ते पैसे गेले.

कधी जावं? मे आणि जूनचा पूर्वार्ध सगळ्यात चांगला. दिवस लांब, जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मिज नावाची सूक्ष्म चावरी चिलटं सतावतात, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, वारा नसताना, पहाटे आणि संध्याकाळी. जरा वारा सुटला की ती पळतात, म्हणून थांबायचं तर पाण्याच्या काठाऐवजी मोकळ्या वाऱ्याच्या जागी थांबा. ऑक्टोबरमध्ये नेचे आणि गवत तांबूस होतं, गर्दी ओसरते. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. संध्याकाळची गाडी घेतलीत तर काळ्या काचेत फक्त स्वतःचा चेहरा दिसेल.

गाडीचे दोष सांगायलाच हवेत. डबे जुने, पाय ठेवायला जागा बेताची, इंजिनाचा आवाज जमिनीतून येतो. पावसाळी दिवसांत खिडक्या बाहेरून मळलेल्या असतात, फोटो काढायचे तर काचेला मोबाइल अगदी टेकवून धरा म्हणजे प्रतिबिंब येत नाही. मोठ्या बॅगांची जागा डब्याच्या टोकाला आणि थोडीच. चार मोठ्या सुटकेसेस घेऊन चढाल तर दोन पायांपाशी येतील. एकेरी मार्गामुळे एक गाडी रखडली की समोरचीही रखडते. अतिवृष्टीत दरड किंवा पाणी रुळांवर आलं तर बदली बस देतात आणि ती ग्लेन कोच्या रस्त्याने जाते. तो रस्ताही अप्रतिम आहे, पण रॅनख मूर हुकतं. 30 मिनिटांहून जास्त उशीर झाला तर भाड्याचा अर्धा भाग आणि तासाहून जास्त झाला तर पूर्ण भाडं परत मागता येतं. अर्ज 28 दिवसांत करायचा, म्हणून तिकिटाचा फोटो ठेवा. आणि मॅलेगहून स्काय बेटाला जाणारी फेरीबोट किंवा ग्लासगोहून परतीचं विमान त्याच संध्याकाळी ठेवू नका, मध्ये एक रात्र असू द्या.